स्टोनवॉल: परवान्याची बाजू राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत न्यूयॉर्कच्या ‘स्टोनवॉल इन’वरचा लेख वाचला. 28 जून 1969 चा पोलिसांचा छापा आणि त्यानंतरचा समलिंगींचा उद्रेक त्यात सविस्तर आला. पण समलिंगी गिऱ्हाइकांचा बार माफियाच्या हाती गेलाच कसा, हे राहून गेलं. उत्तर दारूच्या परवान्यात आहे. धुळे-जळगावात परमिट रूम चालवणाऱ्याला ते चटकन उमगेल.

आपल्याकडे नियम वय पाहतो: बिअरला 21, कडक दारूला 25. तिथलं मद्य परवाना खातं मात्र समलिंगी माणसं जमतात ती जागा ‘बेशिस्त’ ठरवून परवाना काढून घेई. मग सरळ धंदा करणारा मालक अशा गिऱ्हाइकाला उभंच करत नसे, आणि ती जागा माफियाने घेतली. 21 एप्रिल 1966 ला मॅटाशीन सोसायटी या समलिंगींच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते पत्रकारांना घेऊन बार हिंडले आणि, नकार उघड व्हावा म्हणून, ‘आम्ही समलिंगी आहोत’ असं सांगून दारू मागू लागले. गंमत म्हणजे आधी ती मिळालीही! ‘ज्युलियस’ बारवर मात्र नुकताच छापा पडलेला. तिथल्या बारवाल्याने पेल्यावर हात ठेवून नकार दिला.

स्टोनवॉल 1967 मध्ये माफियाने उघडला, तोही परवान्याविना. सभासद आपापली बाटली आणतात, असं खासगी क्लबचं सोंग. दारातल्या वहीत सही करायची, नावं बहुतेक खोटी. पोलिसांना हप्ता. बारमागे नळच नव्हता. उष्टे पेले टबात बुचकळून पुन्हा भरत. आग लागली तर मागून निसटायला दार नाही. पांढरे दिवे लागले की नाचणाऱ्यांनी अलग व्हायचं, पोलीस आले. एरवी छाप्याची वर्दी आधी मिळे आणि तो लवकर उरकून रात्रीचा गल्ला सुरू होई. त्या रात्री वर्दी आली नाही, आणि छापा पडला 1 वाजून 20 मिनिटांनी, ऐन गर्दीत.

एक दुरुस्तीही हवी. स्टोनवॉल तेव्हापासून अखंड चालू नाही. उद्रेकानंतर काही महिन्यांतच तो बंद पडला. त्या जागेत पुढे बेगलचं (कड्याच्या आकाराच्या पावाचं) दुकान आणि चिनी खानावळही होती. बार परतला 1990 च्या दशकात. ‘ज्युलियस’ मात्र जवळच, वेस्ट 10व्या रस्त्यावर, अजून चालतो. आत बर्गरही भाजतात. 2022 मध्ये शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला. पुढच्या लेखात त्यालाही जागा द्यावी, ही विनंती.

आपले,
काही नियमित वाचक, भुसावळ