मुर्तिजापूरलाच उतर

चि. सोनी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आता काय, समृद्धी महामार्गानं आठ तासांत घरी!" तेवढ्यात रेंज गेली अन् माझं बोलणं तोंडातच राहिलं. तुझी आई म्हणते, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका न. एवढं टायपिंग माझ्या बोटांना झेपत नाही, म्हणून हे पत्र.

ते आठ तास नागपूर ते मुंबईचे आहेत, बाई. 701 किलोमीटर. कारंजा मधातच लागतं, म्हणजे तुला पाचशेच्या वर धर. हिशोबानं सहा तासांत यायला पाहिजे. पण रस्ता तुझ्या खोलीच्या दारातून थोडीच निघतो? तो निघतो भिवंडीकडच्या आमण्यातून. तिथवर पोचायला तूच सांगतेस, कधी तास तर कधी अडीच. इकडं जिच्या गाडीनं तू येशील ती मैत्रीण तुला कारंजाला उतरवून नागपूरकडे निघून जाईल. महामार्गावर दुचाकी चढू देत नाहीत, तर मी टोलच्या बाहेर उभा, अन् तू बॅग ओढत येऊन राहिली.

वावरात जायला आधी दहा मिनिटं लागायची. आता महामार्गाखालच्या बोगद्यातून फेरा. मागच्या आठवड्यात तिथं गुडघाभर पाणी होतं. खताच्या थैल्या बंडीत, बैल पाण्यात अडून उभे, अन् डोक्यावरून गाड्या सुसाट. दोन थैल्या भिजल्या. बैलाचा खांदा सोलला, पोळा तोंडावर आला तरी हळद लावून राहिलो. रस्ता वाईट म्हणत नाही मी. मोठ्या काकांच्या छातीत दुखलं त्या रात्री याच रस्त्यानं नागपूर वेळेत गाठलं.

पण रात्रीची ट्रॅव्हल्स नको. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर बस उलटून पेटली, 25 जण गेले. तेव्हापासून तू रात्री निघालीस की तुझी आई झोपत नाही. मी झोपतो असं तिला वाटतं.

माझ्या कॉलेजच्या वेळी कारंजाहून मुर्तिजापूरला शकुंतला रेल्वे होती. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन, अडीच फुटाचा रूळ. तीसेक किलोमीटरला दोन तास धर, तेही गाडीच्या मनात असलं तर. सदऱ्याच्या कॉलरमध्ये कोळशाची कणी अडकायची, आजी धुताना ओरडायची, "इंजिनात बसून आला का रे?" किती वाजता पोचशील, हे मात्र तिनं कधी विचारलं नाही.

तू विदर्भ एक्सप्रेसनंच ये. संध्याकाळी गाडीत बस, रात्रभर झोप, अकोला गेलं की उठून सामान काढ. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीचं पोळ्याच्या आसपासच. उघडलं की पहिल्याच दिवशी कर, मागच्या वेळेसारखी वेटिंगमध्ये राहू नको. पैसे काकाच्या पोराकडून पाठवतो.

गाडी मुर्तिजापूरला पहाटे अंधारात लागते. मी स्टेशनबाहेर चहाच्या गाडीजवळ राहीन. तुझं हिरवं स्वेटर सोबत आणतो, मोटारसायकलवर गार वारा लागतो. आई आंबाडीची भाजी करून ठेवते म्हणते. ज्वारी संपली, ती आणायला आता निघतो.

तुझा,
बाबा