दिव्यांग मुले सज्ञान होतात, तेव्हा जबाबदारी कोणाची?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठवाड्यातील वर्तमानपत्रांत पुढील शिक्षणाची दिशा दाखवणाऱ्या पुरवण्या निघतात, आणि लातूर पॅटर्नमुळे तर आपला विभाग या बाबतीत राज्यभर ओळखला जातो. त्याच सुमारास विशेष शाळांतून व गावोगावच्या सर्वसाधारण शाळांतून वय पूर्ण झाले म्हणून बाहेर पडणाऱ्या दिव्यांग मुलामुलींचे पुढे काय होते, याची विचारणा मात्र सहसा कोणी करत नाही. विशेष शिक्षक म्हणून माझी नोकरी याच मुलांमध्ये गेली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या मुलांसाठी योजना पुष्कळ आहेत, परंतु मूल सोळा वर्षांचे झाल्यापासून त्या सर्व योजना एका टेबलावर मांडून त्याच्या पुढील चार-पाच वर्षांचा विचार करणारी एकही जबाबदार यंत्रणा नाही. आणि ती उभी करण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, तर या अधिनियमाच्या कलम ३१ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यापुढे कलम ३२ उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत देते, कलम ३४ शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण देते आणि कलम ३७ दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा राखून ठेवते. म्हणजे अठराव्या वर्षाच्या अलीकडे तरतूद आहे आणि पलीकडेही आहे. अडचण अशी की, अलीकडची कलमे ज्या खात्याच्या हाती आहेत, त्याला पलीकडच्या खात्याशी बोलण्याचे कारणच पडत नाही.

समावेशित शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांचे सर्वसाधारण शाळांतील शिक्षण, शालेय शिक्षण विभागाच्या समग्र शिक्षा अभियानातून चालते, तर विशेष शाळा व कार्यशाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी आरोग्य खात्याच्या वैद्यकीय मंडळासमोर उभे राहावे लागते. आयटीआय कौशल्य विकास विभागाचे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात, ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के दिव्यांग निधी ग्रामविकास विभागाच्या अखत्यारीत, आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीच्या कायदेशीर पालकत्वाचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, ही निश्चितच अभिमानाची गोष्ट आहे. पण उरलेल्या खात्यांची दारे त्यामुळे एका अंगणात आलेली नाहीत. आष्टी किंवा धारूर तालुक्यातील एखाद्या मजुराने आपल्या मुलासाठी ही सर्व दारे ठोठवायची म्हटली, तर तीच कागदपत्रे पुन्हा पुन्हा साक्षांकित करावी लागतात आणि प्रत्येक हेलपाट्याला एका दिवसाची मजुरी बुडते. बहुतेक पालक दुसऱ्या-तिसऱ्या दारावर थकतात. त्यांना दोष देता येणार नाही.

या वयात नेमके काय बदलते, हे पालकांना आधी कोणी सांगत नाही, हा माझ्या मते सर्वांत मोठा दोष आहे. आईवडिलांच्या नावाने चालणारे अज्ञान मुलाचे बँक खाते अठरा वर्षे पूर्ण होताच त्याच्या स्वतःच्या नावे करून घ्यावे लागते, नाहीतर व्यवहार अडतात. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत बँक पालकत्वाचे प्रमाणपत्र मागते, आणि असे काही प्रमाणपत्र असते हे घरच्यांना तेव्हा प्रथमच कळते. वास्तविक राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मधला आहे आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी न्यायालयात न जाता पालक नेमण्याची सोय त्यात आहे. स्थानिक स्तर समितीचे हे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेनेही कळवलेले आहे. तरीही शाखेत बसलेल्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक असेलच, याची खात्री देता येत नाही.

येथे उलट बाजूनेही एक इशारा देणे आवश्यक वाटते. प्रत्येक दिव्यांग तरुणाला पालक नेमण्याची गरज नसते. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचे हात थरथरतात आणि बोलणे अस्पष्ट येते, अशा तरुणाची बुद्धी पूर्णपणे शाबूत असू शकते. त्याला सही करता येत नाही एवढ्यावरून त्याला कायमचे अज्ञान ठरवणे हा अन्याय आहे. अंगठा उमटवून खाते चालवण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. २०१६ च्या अधिनियमाने कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली, ती याचसाठी: निर्णय व्यक्तीशी सल्लामसलत करून घ्यायचा आणि पालकाचा अधिकार ठरावीक निर्णयापुरता व मुदतीपुरता ठेवायचा. सज्ञान होणे म्हणजे आपल्याविषयीच्या चर्चेत आपले मत विचारले जाणे. आपल्या शिबिरांमध्ये मात्र अधिकारी पालकांशी बोलतात आणि ज्याच्यासाठी शिबिर भरलेले असते तो खुर्चीत गप्प बसून असतो. मुलींच्या बाबतीत तर अठराव्या वर्षानंतर घराबाहेर पाठवणेच धोक्याचे मानले जाते, आणि शाळा सुटली की ती मुलगी गावाच्या नजरेआड होते.

व्यवसाय प्रशिक्षणाची स्थितीही अशीच तुटक आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत मंडळ लेखनिक व वाढीव वेळ देते, परंतु पुढे आयटीआयमध्ये किंवा महाविद्यालयात त्या सवलतींची कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, कारण शाळेतील शिक्षकाने वर्षानुवर्षे केलेल्या नोंदी विद्यार्थ्याबरोबर जात नाहीत. हे मूल चित्रे दाखवली की काम पटकन उचलते, गोंगाटात बिथरते, एका वेळी एकच सूचना द्यावी लागते, ही माहिती प्रशिक्षकाला मिळाली तर कितीतरी जणांचे प्रशिक्षण अर्धवट सुटणार नाही. केंद्राच्या साहाय्यक साधन योजनेतून सोळा वर्षांवरील आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांना बॅटरीवर चालणारी तीनचाकी मिळते. वाटपाच्या कार्यक्रमाची छायाचित्रे आपल्याही अंकात येत असतील. गाडी मिळाल्यावर त्या मुलाने तीत बसून कोठे जायचे, याची चौकशी त्या व्यासपीठावर होत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखाने, जालन्यातील बियाणे व पोलाद उद्योग, लातूरच्या डाळ गिरण्या यांत या मुलांपैकी काहींना काम मिळू शकते. खासगी मालकांना प्रोत्साहन देण्याची तरतूद कलम ३५ मध्ये आहे. पण मालकाला उमेदवार ठाऊक नसतो, आणि उमेदवाराला तेथे काय काम असते तेच ठाऊक नसते.

इतर देशांत यावर काही मार्ग काढले गेले आहेत. अमेरिकेत २००४ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात शाळेनंतरच्या शिक्षणाचे व रोजगाराचे नियोजन आलेच पाहिजे, आणि पुढे सेवा देणाऱ्या यंत्रणेच्या प्रतिनिधीला त्या बैठकीस संमतीने बोलवावे लागते. २०१४ च्या दुसऱ्या एका कायद्याने तेथील व्यवसाय पुनर्वसन यंत्रणांना केंद्रीय निधीपैकी किमान १५ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या रोजगारपूर्व तयारीवर खर्च करणे बंधनकारक केले. इंग्लंडमध्ये त्याच वर्षीच्या कायद्याने शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा एकत्रित आराखडा पंचवीस वर्षांपर्यंत चालू ठेवण्याची सोय केली. तेथे सारे आलबेल आहे असे नाही आणि त्यांचा पैसा आपल्याकडे नाही. पण शाळेने पुढच्या यंत्रणेला बैठकीस बोलवायचे, एवढी गोष्ट पैशाशिवायही करता येते.

म्हणून सुचवावेसे वाटते की, छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांनी आठही जिल्ह्यांत निदान एकेका तालुक्यात पुढील प्रयोग करावा. युडीआयडीच्या नोंदीत जन्मतारीख असते आणि शाळांच्या यू-डायस या शासकीय माहितीसंचाच्या नोंदीत दिव्यांग विद्यार्थ्यांची माहिती असते. या दोन याद्या जुळवल्या की वर्षभरात सोळावे पूर्ण करणारी मुले कोणती, हे समजते. ज्यांचे नाव एकाच यादीत सापडेल, त्यांच्या घरी आशाताईंनी आधी जावे, कारण एकतर त्यांची शाळा सुटली आहे किंवा त्यांना प्रमाणपत्रच मिळालेले नाही. त्यानंतर तहसील कार्यालयात तीन महिन्यांतून एकदा शिक्षण, आरोग्य, आयटीआय, पंचायत समिती, अग्रणी बँक आणि विशेष शाळा यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसावे, प्रत्येक मुलाला व त्याच्या पालकांना समोर बसवून बोलावे आणि प्रत्येकाच्या कामाची जबाबदारी एका नावानिशी लिहून ठेवावी. मुलाच्या नोंदी त्याच्याबरोबर पुढे पाठवण्याचे काम विशेष शिक्षकाने करावे. २०२४ मध्ये राज्य सरकारने विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांना मान्यता दिली, त्यांच्या कर्तव्यसूचीत हे काम स्पष्टपणे घातले पाहिजे. स्थानिक स्तर समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असल्यामुळे पालकत्वाची प्रकरणे या बैठकीतूनच थेट पुढे जाऊ शकतील.

संजय गांधी योजनेतील दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले, त्याचे स्वागतच आहे. परंतु तरुण कमवू लागला की अनुदान बंद होईल, या धास्तीने काही पालक त्याला कामावर पाठवत नाहीत, असे मी पाहिले आहे. पहिली काही वर्षे कमाई अस्थिर असते. तेवढा काळ तरी अनुदान न थांबवण्याचा विचार शासनाने करावा.

शेवटी, बैठकांच्या वेळेविषयी. बीडसह मराठवाड्यातील अनेक तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. दिव्यांग मूल आजी-आजोबांपाशी राहते किंवा उसाच्या फडावर कोपीत (खोपटात) बसून राहते, आणि दोन्ही परिस्थितींत हिवाळ्यात भरणाऱ्या शिबिराला त्याला आणणारे कोणी नसते. या तालुक्यांत वैद्यकीय मंडळाची तपासणी आणि वरील बैठक मे ते सप्टेंबर या काळातच ठेवावी, तारखा ग्रामसभेत जाहीर कराव्यात, आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या प्रतिनिधीलाही बैठकीस बोलवावे, म्हणजे मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कुटुंब निघण्याआधी मुलाच्या राहण्याचा व प्रशिक्षणाचा प्रश्न त्याच टेबलावर सुटू शकेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विशेष शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड