हप्त्याचे गणितही छापावे

जैवतंत्रज्ञानातील करिअरसंधींवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. संधी आहेत हे मान्य. पण त्या गाठायला लागणारा काळ आणि पैसा यांचा लेखात उल्लेखही नाही.

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र हे विषय अनुदानित महाविद्यालयांत माफक शुल्कात शिकता येतात. जैवतंत्रज्ञानाचे वर्ग मात्र बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. ‘नीट’मध्ये थोडक्यात हुकलेली मुले तिकडे वळतात आणि पालक कर्ज काढतात. पाच लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिना सुमारे ८,३०० रुपये येतो. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढतच असते. इंजिनीअर पदवीनंतर निदान नोकरीच्या रांगेत तरी उभा राहतो. इथे नुसत्या बीएस्सीवर बहुधा प्रयोगशाळा सहायक किंवा औषध कंपनीचा प्रतिनिधी होता येते, म्हणून एमएस्सी ओघानेच आली. पुढे संशोधनाकडे वळून ‘नेट’ परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता. तेही मोजक्यांनाच, आणि अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा.

या विषयाची ओढ असलेल्या मुलांनी तो जरूर घ्यावा. मात्र महाविद्यालयांनी माहितीपुस्तिकेत चकचकीत प्रयोगशाळेच्या छायाचित्राशेजारी मागील तीन तुकड्यांतील किती जणांना कोणते काम, किती पगारावर मिळाले हे छापावे. विद्यापीठांनी संलग्नतेच्या नूतनीकरणासाठी तशी अटच घालावी.

— एक निवृत्त प्राध्यापक, सातारा