पदर वाढवाल, पण चौकांचे काय?

महामार्ग सहापदरी करणार, हे वाचून बरे वाटले. पण कोंडी सरळ रस्त्यावर होतेच कुठे? ती होते चौकाच्या तोंडाशी. एका मार्गिकेतून चांगल्या स्थितीत तासाला साधारण २००० वाहने जातात. सिग्नल निम्मा वेळ लाल राहिला की ती क्षमताही निम्मी. जोडरस्त्यावरून एक ट्रक घुसतो, मागे ब्रेकच्या लाल दिव्यांची रांग लागते आणि दुचाक्या साइडपट्टीवरून सुटतात. शहरी द्रुतगती मार्ग रुंद केले तरी गर्दीच्या वेळी भरतातच, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडले होते. तेव्हा आधी उड्डाणपूल, सेवारस्ते आणि बसथांब्यांना वेगळी जागा द्या. वीस वर्षांनंतरच्या वाहतुकीसाठी लागणारी जमीन मात्र आताच राखावी. पुढे ती मिळेल, पण वरच्या इमारतींसकट.

– एक नियमित प्रवासी