लेकरांचे डायलॉग लेकरांनाच म्हणू द्या की

संपादक साहेब, नमस्कार.

डिसेंबर लागला की जालन्यातल्या इंग्लिश मीडियमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच विषय असतात, एक म्हणजे कोणत्या कलरचा स्वेटर चालंल आणि दुसरा ख्रिसमसच्या नाटकात कोणाच्या लेकराला कोणता रोल. यंदा त्यात तिसरा आलाय आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहायलेय. आमच्या लेकराच्या शाळेतून मेसेज आला की यंदा येशूजन्माचं नाटक रेकॉर्डिंगवर होणार. म्हणजे डायलॉग आधीच मोठ्या माणसांच्या आवाजात स्टुडिओत भरून आणायचे, स्पीकरवर लावायचे आणि लेकरांनी स्टेजवर नुसतं तोंड हलवायचं. का तर मागच्या वर्षी लेकरं डायलॉग विसरली आणि काही पालक ऑफिसात जाऊन भांडले, एवढी फी भरतो आणि लेकरू स्टेजवर गप उभं राहतंय म्हणून. मेसेजखाली धडाधड अंगठे पडले. मी काही टाकला नाही.

मागच्या वर्षी असं काय आभाळ कोसळलं ते सांगते. गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे, सीझर ऑगस्टसनं शिरगणतीचा हुकूम काढला म्हणून योसेफ आणि मरीया नाझरेथहून बेथलेहेमला येतात, मरीयेचे दिवस भरलेले, उतरायला जागा नाही, शेवटी बाळ गव्हाणीत ठेवावं लागतं. आता लॉजवाला झालेल्या पोराला एकच वाक्य होतं, "नो रूम, गो अवे". ते त्यानं म्हणलं, अगदी जोरात म्हणलं, त्याच्या वडलांनी महिनाभर घोकून घेतलेलं होतं. मरीया झालेली पोरगी ते ऐकून खरंच रडवेली झाली, आणि दोघं मागं फिरले तर हे पोरगं मराठीत म्हणतंय, "ओ थांबा, पाणी तरी पिऊन जा." आणि विंगेत जाऊन स्वतःची बॉटल घेऊन आलं. मरीयेनं पाणी पिलं, ओढणीनं तोंड पुसलं, मग योसेफ म्हणला मला पण दे. सगळा हॉल हसतोय, टाळ्या वाजवतोय, आणि मॅडम विंगेतून हात करून करून दमल्या तरी बॉटलीचं झाकण सापडेपर्यंत नाटक पुढं सरकंना. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथलं लेकरू दारात आलेल्याला पाणी विचारतंय, ह्याच्याहून चांगला ख्रिसमस कोणता असतो मला सांगा. पण त्याचे वडील गेटवर भेटले तर तोंड एवढंसं करून, "इज्जत गेली हो ताई."

बाकीचं पण ऐका. बाळ येशूसाठी कोणीतरी घरून बाहुली आणली होती, सेलची, ती आडवी केली की "मम्मा, पप्पा" ओरडायची. गव्हाणीत ठेवली की ओरडली, उचलली की गप, म्हणून मरीयेनं शेवटपर्यंत तिला उभीच धरून ठेवली. देवदूताचा थर्माकोलचा पंख पडद्यात अडकला आणि त्यानं शुभवार्ता एका पंखावर सांगितली. बाळाला भेटी घेऊन येणाऱ्या राजांपैकी एकाच्या आजीनं काष्टौषधीच्या दुकानातून खरा हिराबोळ आणून दिला होता डबीत, गंधरस म्हणजे तोच की, पोरानं तो मरीयेच्या पुढं धरून विचारलं, हे खायचं असतं का? आणि आमचं लेकरू मेंढी होतं. मेंढीला डायलॉग नसतो, तरी आमच्या मेंढीनं हॉलमध्ये मामा दिसला म्हणून हात हलवला आणि मग बाकीच्या मेंढ्यांनीही आपापले मामा शोधले.

तर हे सगळं बंद करण्यासाठी रेकॉर्डिंग.

खरं दुखणं रोलचं आहे. मरीया कोणी व्हायचं तर वर्गातली सगळ्यात गोरी पोरगी, हे तर ठरूनच गेलंय, मॅडमही तेच करतात आणि पालकांनाही तेच पाहिजे, पॅलेस्टाईनच्या उन्हातली सुताराच्या घरची बाई दुधासारखी गोरी कशी असंल ह्याचा विचार कोणी करत नाही. मेंढ्यांना अंगभर पांढरा कापूस चिकटवायचा, का तर गुगलवर तसाच फोटो आहे, आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळीच असते हे अंबड रोडनं जाणाऱ्या कोणालाही दिसतं. एका धनगर पालकांनी ते सांगितलं आणि घरची खरी घोंगडी, काठी दिली, तर ग्रुपवर एक ताई म्हणतात नको नको, काळ्या ड्रेसमध्ये लेकरू फोटोत उठून दिसणार नाही.

राजांचं तर विचारूच नका. ड्रेपरीवाल्याकडं मुकुट तीन, राजे तीन, आणि राजा व्हायला अर्धा वर्ग तयार. ह्यावर मी एक उपाय सुचवते. हे राजे म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, ते बायबलात फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात येतात आणि तिथं ते किती होते हे लिहिलेलंच नाही, राजेही म्हणलेलं नाही. सोनं, ऊद, गंधरस अशा भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली लोकांनी. मेंढपाळ लूकच्या पुस्तकात. गाढव दोन्हीकडं नाही, लॉजवाला पण नाही, जागा नव्हती एवढंच आहे. मग राजे नऊ करा, बारा करा, कोणाचा काय धर्म बुडतोय? सगळ्या जातीधर्माचे पालक ह्या रोलसाठी सारख्याच जोरानं भांडतात, एवढी एकी आपल्यात एरवी कशात दिसत नाही.

आणि जालन्याला हे काही नवं नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेलची ख्रिस्ती वस्ती वसवली ती एकोणिसाव्या शतकात. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आजी सांगतात, चर्चमध्ये लेकरं हेच नाटक मराठीत करतात, मधेमधे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर, आणि लेकरू अडकलं की पहिल्या रांगेतली कोणीपण आजी पुढचं वाक्य सांगते. विषय संपला. इटलीत ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसनं १२२३ साली गव्हाणीचा देखावा केला, त्यात खरा बैल, खरं गाढव, खरा चारा होता म्हणतात. आता खरं जनावर उभं केलं की ते काय करंल ह्याचा काही नेम असतो का, तरी केलंच ना त्यांनी. आमच्याकडं कडब्याची पेंढी आणते म्हणलं तर शाळा म्हणती स्टेज घाण होईल, कार्पेट भाड्याचं आहे.

रेकॉर्डिंगचं काय होतं तेही बघितलंय मी, परभणीला बहिणीच्या पोराच्या गॅदरिंगला. नाटक मस्त चाललेलं, स्पीकरवर कोणीतरी भारदस्त आवाजात बोलतंय, पहिलीतलं पोरगं त्याच्यावर तोंड हलवतंय, म्हणजे दाढीवाल्या बुवाचा आवाज आणि पुढचे दोन दात पडलेले. त्यात एक ट्रॅक मागं-पुढं झाला आणि मरीया योसेफच्या आवाजात बोलायला लागली. आणि मग लाईट गेली. जनरेटर चालू होईस्तोवर लेकरं अंधारात तशीच उभी, तोंडातून शब्द नाही, कारण त्यांना एकपण वाक्य कोणी शिकवलेलंच नव्हतं. आपल्याकडं लाईटीचा काय भरवसा असतो हे मी सांगायला नको.

म्हणून शाळेला माझं म्हणणं असं आहे की रेकॉर्डिंगचे पैसे वाचवा आणि त्यात माईक चांगले घ्या, मागच्या वर्षी अर्धे डायलॉग तर माईकनंच खाल्ले होते, तक्रार लेकरांची झाली. वाक्यं छोटी ठेवा, अडलं तर मराठीत बोललं तरी चालतं असं लेकरांना आधीच सांगून टाका. पालकांनी मोबाईल घेऊन स्टेजपुढं उभं राहायचं नाही, मागच्यांना शूटिंग करणाऱ्यांच्या पाठीच दिसतात. आणि तो बॉटलवाला पोरगा यंदा पुन्हा लॉजवालाच पाहिजे, त्याच्या वडलांनी त्याला ह्या वर्षी नाटकातच घालायचं नाही असं ठरवलंय असं ऐकलं, त्यांच्याशी कोणीतरी बोला.

शुक्रवारी पालक मीटिंग आहे. त्याच्या आधी छापलं तर बरं होईल, कात्रण घेऊनच जाणार आहे.

– एका मेंढीची आई, जालना