कासुकाबेचे उंदीर

पुणे,
१४ ऑगस्ट

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. तेलतूप सोडून सहा महिने झाले तरी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, खाली येत नाहीत आणि वहिनी मात्र ‘चोरून खात असणार’ म्हणतात, हे वाचून मला आमच्या प्राणिगृहातले उंदीर आठवले; राग मानू नकोस.

इथे पिंजरे शेजारीशेजारी आणि खाद्य एकाच पोत्यातले, तरीही दोन वंशांच्या उंदरांचे रक्त यंत्रात फिरवून घेतले की एका नळीत वरचा द्रव निवळ दिसतो, तर दुसरीत भाताच्या पेजेसारखा पांढुरका. चोरून खाण्याची सोय त्यांना नाही. सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग वीस पिढ्या करून असे वंश तयार होतात. त्यामुळे एका वंशातले उंदीर जुळ्यांसारखे असतात आणि दोन वंशांतला फरक बहुतांशी वारशाचाच ठरतो.

जपानमधल्या कासुकाबेच्या उंदरांपासून निघालेला ‘केके’ वंश लठ्ठ, रक्तात साखर जास्त आणि चरबीही जास्त. त्याच्याच ‘केके/सॅन’ या शाखेत मात्र चरबी विलक्षण कमी आढळली, आणि हा गुण आईबाप दोघांकडून आला तरच पिल्लात उतरे. २००२ साली जपानी संशोधकांनी त्याचा उगम चौथ्या गुणसूत्रावर शोधून काढला: एएनजीपीटीएल-३ नावाचे जनुक तिथे बिघडलेले होते. रक्तातले ट्रायग्लिसराइड फोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराला लगाम घालणे हे या जनुकाच्या प्रथिनाचे काम. लगामच नाही म्हटल्यावर चरबी भराभर फुटून जाते. तेच प्रथिन शुद्ध करून या उंदरांना टोचले तेव्हा चरबी पुन्हा चढली, हा पुरावा मला सगळ्यांत देखणा वाटतो. माणसातही हे जनुक बिघडलेले कुटुंब २०१० साली सापडले, आणि त्या प्रथिनाला अडवणारे इव्हिनाकुमॅब हे औषध २०२१ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते मात्र आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या अतितीव्र प्रकारासाठी आहे, तुझ्यासाठी नव्हे.

म्हणून लगेच तुपाचा डबा उघडू नकोस. सी५७ब्लॅक/६ आणि सी३एच या वंशांना चरबी व कोलेस्टेरॉल घातलेले खाद्य दिले की पहिल्याचे एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, घसरते, दुसऱ्याचे टिकते. म्हणजे वारशातला काही फरक ताटात काय पडते त्यावरच उघड होतो.

दादांचा आणि ताईचा लिपिड रिपोर्ट मिळाला तर तुझ्या रिपोर्टासोबत पाठव. तिघांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून बघायचे आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक