मागची पानं वाचणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घेत नाही. ‘माझं नाव कुठे घालू नका’ असं तुम्हीच बजावलं होतं. पुण्याच्या मनपा शाळांमधल्या ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय, त्यांना पत्र कुणाला आहे ते कळेलच.

पर्वती भागातल्या शाळेत मी तिसरीला शिकवते. वर्गातली बरीच मुलं सोलापूर, धाराशिव, बीडकडून पोटापाण्यासाठी आलेल्या घरांतली. त्यांच्याकडे सांगायला भरपूर आहे हे मला रोज ऐकू यायचं, पण ते कागदावर कसं आणायचं हे कुणाशी बोलावं ते कळत नव्हतं. तुम्ही लेखनाच्या अभ्यासासाठी वर्गात आलात आणि निबंधाच्या वह्या बाजूला ठेवून म्हणालात, ‘मुलांनी वहीच्या मागच्या पानांवर काय लिहिलंय ते बघू या.’

तिथे एकाने लिहिलं होतं: ‘मि आनि ताइ पानि भरतो. आइ कामाला जाति.’

आठ शब्द. लाल पेन घेऊन बसलं तर त्यांतले सहा चुकीचे. तुम्ही मात्र आधी त्याला काय काय येतं ते मोजलंत. अक्षरं सगळी ओळखीची, काना-मात्रा जागच्या जागी, शब्दांत अंतर सोडलेलं, वाक्य संपल्यावर टिंब. मग म्हणालात, मि, ताइ, पानि, आइ, जाति ही सगळी एकच गोष्ट आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहितात एवढंच त्याला सांगायचं राहिलंय. ‘आणि’ हा त्या नियमाला अपवाद, आणि तिथे त्याने ऱ्हस्वच लिहिलेलं! ‘ण’च्या जागी ‘न’ आला, कारण घरी तसंच बोलतात. ‘जाते’ऐवजी ‘जाती’ही घरचंच. म्हणजे पोराचा कान तयार होता.

त्या पानाखाली तुम्ही शेरा लिहिला नाहीत. ‘पाणी किती वाजता येतं?’ एवढंच विचारलंत. दुसऱ्या दिवशी अर्धं पान भरून उत्तर आलं. नळ, रांग, शेजारच्या काकूंचं भांडण, हंडा कुणाचा आधी, सगळं. तोवर त्याने स्वतःहून इतकं कधी लिहिलं नव्हतं. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय हे त्याला कळलं होतं. ताई, माझ्यासाठी तुमचं सगळ्यात मोठं देणं हेच.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातल्या आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत मागोवा घेणारा अभ्यासही मला तुमच्यामुळेच कळला. त्याचा अहवाल २०१७ साली आला. दोन्हीकडच्या वर्गांत लिहिणं म्हणजे बहुतेक करून फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं उतरवणं, हे त्यात वाचलं आणि हा प्रश्न एका शाळेचा किंवा एका बाईंचा नाही हे पटलं. मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या देशव्यापी पाहण्या २००५ पासून होतात, पण त्यांत भर मुख्यतः वाचन आणि गणितावर. मूल स्वतःच्या मनातलं लिहू शकतं का, याची गणती फारशी कुठे होत नाही. तुम्ही ती एकेक वही उलगडून करता. वेळ खाणारं काम आहे, त्याचे आकडे पटकन निघत नाहीत, म्हणून त्याला निधी मिळवताना तुमची किती दमछाक होते तेही मी पाहिलंय.

आणि हे पुण्यात व्हावं याचा मला विशेष आनंद आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या वाट्याला आलेलं दुःख तिने थेट धर्माला जाब विचारत मांडलं. विद्यार्थ्याचं लेखन काय करू शकतं, याचा एवढा मोठा दाखला याच शहरात असताना आपण लेकरांना फक्त ‘माझा आवडता प्राणी’ द्यावा?

आता आमच्याकडे रोज शेवटची वीस मिनिटं ‘माझं पान’ असतं. त्यात मी फक्त प्रश्न लिहिते. शुद्धलेखन वेगळ्या तासाला, आठवड्याला एकच नियम. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ही पानं दाखवली तेव्हा शेजारच्या शाळेतल्या दोन बाईंनी तुमची नोंदीची पद्धत मागून घेतली. तुम्हाला हवी होती तशी, नावं झाकून काढलेली झेरॉक्स सोबत पाठवतेय. नळावरच्या भांडणाचा पुढचा भाग त्यात आहे, तो आधी वाचा.

आपली,
तिसरीच्या बाई
पुणे